सासूबाई म्हणतात, "हिनेच माझ्या पाटल्या घेतल्या"

"मॅडम, मी त्यांना आंघोळ घालते, औषधं देते, रात्री उठून बाथरूमला नेते. आणि त्या येईल-जाईल त्याला सांगतात, ही चोर आहे म्हणून. मी करू तरी काय?" डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) झालेल्या माणसाचं सगळं करणाऱ्या बायकांकडून हे गाऱ्हाणं मी कायम ऐकते. कोल्हापूरकडच्या एका ताईंचं सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

सासूबाईंना अल्झायमरचं, म्हणजे डिमेन्शियाच्याच एका प्रकाराचं, निदान झालेलं. सोन्याच्या पाटल्या कुठंतरी लपवायच्या आणि सापडल्या नाहीत की सुनेचं नाव घ्यायचं. एकदा त्या तांदळाच्या डब्यात निघाल्या, रुमालाच्या पुरचुंडीत. ताईंनी मोबाइलवर फोटो काढून दाखवला, "बघा, तुम्हीच ठेवल्या होत्या." त्यावर सासूबाई म्हणाल्या, "पकडली जाशील म्हणून आता आणून ठेवल्यास व्हय गं." शेजारच्या काकू दारात उभ्या राहून हे ऐकत होत्या. ते सांगताना ताईंना रडू आवरेना.

मी त्यांना म्हटलं, पुरावे देणं आधी थांबवा. या आजारात नव्या गोष्टीची नोंदच मेंदूत होत नाही. पाटल्या ठेवल्याचं त्यांच्या लेखी घडलेलंच नाही, मग "तुम्ही विसरलात" हे त्यांना पटायचं कसं? वस्तू जागेवर नाही म्हणजे कुणीतरी नेली, आणि दिवसभर आसपास असते ती सूनच. डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ साली ज्या बाईची केस मांडली, तिच्यातही सुरुवातीला दिसलेलं लक्षण संशयाचंच होतं, नवऱ्यावरच्या. तुमच्या सेवेत काही कमी पडलं म्हणून हे होत नाही, हे मी ताईंना पुन:पुन्हा सांगितलं.

मग बोलायची पद्धत बदलली. "मी नाही घेतल्या"ऐवजी, "अगंबाई, सापडेनात का? चला आई, दोघी मिळून शोधू." शोधता शोधता विचारायचं, या कुणी केल्या होत्या तुम्हाला? जुन्या आठवणी बऱ्याच काळ शाबूत असतात. सासूबाई सांगू लागल्या, गुळाचे पैसे आले तेव्हा वडिलांनी गुजरीतल्या सराफाकडून करून आणल्या होत्या. बोलता बोलता राग ओसरायचा. खऱ्या पाटल्या ताईंच्या नवऱ्याच्या संमतीने लॉकरमध्ये गेल्या आणि घरात वन ग्रॅमच्या आल्या. "ही फसवणूक नाही का?" असं ताईंनी विचारलं. माझ्या मते नाही. सासूबाईंचा जीव शांत राहतो आणि त्यांचं सोनंही त्यांचंच राहतं.

खरा गुंता घरच्यांचा होता. पुण्याच्या नणंदबाई रोज फोन करायच्या आणि दहा मिनिटं आई छान बोलायची. या आजारात असं होतं, थोडा वेळ माणूस अगदी पूर्वीसारखं वागतं. म्हणून नणंदेला वाटायचं, वहिनीच काहीतरी लपवते आहे. मी त्यांना आठ दिवस आईपाशी राहायला सांगितलं. चौथ्या दिवशी आईने पर्स चोरल्याचा आळ लेकीवरच घेतला. त्या रात्री त्यांनी वहिनीची माफी मागितली. मला विचाराल तर ताईंना सर्वांत मोठा आधार याचाच झाला. शेजारच्या काकूंनाही आजार नीट समजावून सांगितला. लपवण्यासारखं त्यात काय आहे? २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार भारतात साठीपुढचे सुमारे ८८ लाख लोक डिमेन्शियासह जगताहेत.

संशय एकाएकी वाढला, माणूस दोन-तीन दिवसांतच फार गोंधळलं, तर मात्र आजारच वाढला असं धरून बसू नका. लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठता, नवं औषध, यांपैकी काहीही असू शकतं. लगेच डॉक्टरांना दाखवा. कान आणि डोळे तपासून घ्या. सासूबाईंना ऐकू कमी येत होतं, त्यामुळे इतरांचं बोलणं त्यांना कुजबुज वाटायचं. शांत करायच्या गोळ्या परस्पर दुकानातून आणून देऊ नका. डिमेन्शियाच्या रुग्णांमध्ये त्यांतल्या काहींनी पक्षाघाताचा धोका वाढतो.

आता नणंदबाई दर महिन्याला चार दिवस येतात आणि तेवढे दिवस ताई माहेरी जातात. आरोप थांबलेले नाहीत, पण भांडण होत नाही. हक्काचं कुणीच नसेल तर ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही हेल्पलाइन आहे, आणि सांभाळणाऱ्याचंच मन थकलं तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे. ताईंनी तो फ्रिजवर चिकटवलाय.