वेंगुर्ल्याहून परतल्यावर : कादंबरीसाठी पदवी सोडावी का?

प्रश्न : मी पुण्यात बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा दिली आहे. मे महिन्यात घरच्यांबरोबर वेंगुर्ल्याला गेले असताना रोज समुद्रावर बसून वही भरत गेले आणि आपण कादंबरीकारच व्हायचे, हे मनाशी पक्के केले. परतल्यापासून मात्र एक ओळ सुचत नाही. तिसरे वर्ष सोडून वर्षभर कोकणात राहावे, असे वाटते. वडिलांना ते पसंत नाही. बी.कॉम.नंतर मराठीत एम.ए. करता येते का? वहीतली दोन पाने सोबत पाठवत आहे.

उत्तर : तुमची पाने लक्षपूर्वक वाचली. पहिल्या पानावरचा सूर्यास्त आणि सुरूचे बन नीटनेटके आहे, परंतु तिथे गेलेल्या कोणत्याही पर्यटकाने ते तसेच लिहिले असते. दुसऱ्या पानाच्या तळाशी, जणू जागा उरली म्हणून, तुम्ही ज्यांच्याकडे उतरला होतात त्या काकूंविषयी चार ओळी आल्या आहेत. रातांब्याची साले पुन्हा पुन्हा रसात बुडवून अंगणात वाळत घालताना त्यांचे लक्ष आभाळाकडे आणि कान फोनकडे असतात, कारण मुंबईचा मुलगा यंदा तरी येणार की नाही हे कळलेले नाही, आणि त्याचीच खोली त्यांनी तुम्हाला भाड्याने दिलेली आहे. तुमच्या हाती कादंबरी असेल, तर ती या चार ओळींत आहे, आणि ती लिहायला समुद्र समोर असण्याची गरज नाही.

तिथे सुचत होते आणि इथे सुचत नाही, याचे मला फारसे नवल वाटत नाही. सुट्टीत जेवणाचे ताट आयते मिळते, अभ्यास नसतो आणि लिहिलेले कोणी तपासत नाही. शिवाय ज्या कोकणात तुम्हाला वर्षभर राहायचे आहे, ते तुम्ही अजून पाहिलेलेच नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, पर्यटक जवळजवळ नसतात आणि काकूंची ती खोली रिकामी असते. जुलैत सवड काढून दोन-तीन दिवस त्यांच्याकडेच राहून या. त्यासाठी पदवी सोडावी लागत नाही.

श्री. ना. पेंडसे यांनी दापोली-हर्णैचा परिसर मराठी कादंबरीत आणला, तो मुंबईत बेस्टची नोकरी सांभाळून. वेंगुर्ले तालुक्यातल्या आरवलीचे जयवंत दळवीही मुंबईत नोकरी करत लिहीत होते. त्याच तालुक्यातले चिं. त्र्यं. खानोलकर मोठे लेखक खरे, पण त्यांची आर्थिक ओढाताण कधी सुटली नाही, आणि ती प्रतिभेला पोषक ठरली असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही.

पैशाचा हिशेब तुम्ही वाणिज्य शाखेच्या असल्याने चटकन समजेल. समजा, पुस्तकाची किंमत ३०० रुपये आहे, मानधन दहा टक्के ठरले आहे आणि हजार प्रतींची आवृत्ती पूर्ण खपली, तर लेखकाच्या हाती ३०,००० रुपये येतात, आणि मराठीत नवख्या लेखकाची हजार प्रतींची आवृत्ती खपायला पुष्कळ काळ जाऊ शकतो. म्हणून उपजीविका वेगळी ठेवावी. मुद्रितशोधन, प्रकाशन संस्थेतील संपादन, अनुवाद, मालिकांचे संवादलेखन ही लेखनाला लागून असलेली कामे आहेत. परंतु मालिकेचे संवाद रोजच्या रोज द्यावे लागत असल्याने स्वतःच्या लेखनाला त्रास न देणारी, ठरावीक वेळेची लेखापालाची नोकरी मला तुमच्यासाठी अधिक सोयीची वाटते.

तूर्त कादंबरीचा आराखडा बाजूला ठेवून काकूंची कथा लिहा. दिवाळी अंकांचे साहित्य साधारणपणे पावसाळ्यातच मागवले जाते, तेव्हा वेळ योग्य आहे. कथा साभार परत आली, तरी वर्षाअखेरपर्यंत एक पूर्ण लेखन तुमच्याजवळ असेल, आणि वडिलांशी बोलताना त्याचा उपयोग भरलेल्या वहीपेक्षा जास्त होईल.

एम.ए.विषयी : बहुतेक विद्यापीठांत कोणत्याही शाखेच्या पदवीधराला मराठीसाठी अर्ज करता येतो, मात्र काही ठिकाणी प्रवेश परीक्षा असते, त्यामुळे संबंधित विभागाची चालू वर्षाची अट पाहूनच निर्णय घ्यावा. त्यासाठी अर्थातच तिसरे वर्ष उत्तीर्ण असणे आवश्यक आहे.