जुन्या जॅग्वारच्या डॅशबोर्डवर अक्रोडाचं विनियर चिकटवायला कोणता गोंद वापरावा?

तुमची गाडी जॅग्वार मार्क २ आहे, मूळचं विनियर, म्हणजे वरचा लाकडाचा पातळ पापुद्रा, सुटलंय आणि सुतार म्हणतोय की पिवळा रबरी गोंद लावून दाबलं की झालं. कृपया तसं करू नका. हीच चूक मी एका डॅशबोर्डवर केली आहे. डिसेंबरात काम आरशासारखं दिसत होतं. मे महिना सरेपर्यंत लॅकरखाली रुपयाएवढे फुगे आले. अंगठ्याने दाबलं की फुगा बसायचा आणि बोट उचललं की टक् आवाज करून पुन्हा वर यायचा. सगळं खरवडून काढावं लागलं आणि त्यात अक्रोडाचा सुरेख पापुद्रा वाया गेला, त्याचं आजही वाईट वाटतं.

कोणता गोंद किती घट्ट धरतो, हा इथे प्रश्नच नाही. विनियर धरून ठेवायला फार ताकद लागत नाही. उन्हात बंद उभ्या असलेल्या गाडीचा डॅशबोर्ड सहज ७० अंशांवर जातो, तेव्हा गोंद कडक राहतो का, हे बघायचं. रबरी गोंद कायम लवचीक असतो आणि वरून मारलेल्या लॅकरमधला थिनरही त्याला सोडवतो. साधा पांढरा गोंद घरातल्या कपाटाला उत्तम, पण तापला की मऊ पडतो आणि सांधा हळूहळू सरकतो. सरसाचंही उष्णता आणि दमट हवेपुढे काही चालत नाही.

मी युरिया फॉर्मल्डिहाइड वापरतो. पाण्यात कालवायची पावडर मिळते, ब्रिटनमध्ये ती कॅस्कामाइट नावाने ओळखली जायची. एकदा घट्ट झाला की हा गोंद पुन्हा वितळत नाही. डबा मात्र ताजा घ्या, ओल लागलेली पावडर नीट धरत नाही. वास उग्र असतो, खिडक्या उघड्या ठेवा. इपॉक्सीही चालेल, पण गाठीच्या अक्रोडाला, म्हणजे झाडाच्या गाठीतून कापलेल्या लाकडाला, बारीक छिद्रं फार, त्यातून ती वर झिरपते आणि तिथे पॉलिशचा रंग धरत नाही.

गाठीचं विनियर पापडासारखं वेडंवाकडं असतं. पाण्यात थोडं ग्लिसरीन घालून ते शिंपडा, कोऱ्या कागदांत ठेवून वर वजन द्या आणि कागद रोज बदला. पूर्ण वाळल्याशिवाय चिकटवू नका, नाहीतर नंतर आकसून चिरा पडतात. विनियरखालच्या प्लायवरचा जुना गोंद पार काढा. नवा गोंद फक्त प्लायला, पातळ आणि सारखा लावा. विनियरवर प्लॅस्टिकचा कागद, त्यावर जाड सपाट फळी, मग शिकंजे, आणि रात्रभर हात लावू नका. घासताना जपून, हा पापुद्रा जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटरचा असतो.

मूळ डॅशबोर्डला हात लावण्याआधी प्लायच्या तुकड्यावर विनियरची कातरण चिकटवा आणि बंद गाडीत काचेमागे आठवडाभर उन्हात ठेवा. मग नखाने टकटक करून ऐका. कुठेही पोकळ वाजलं, तर तो गोंद गाडीला लावू नका.