आजोबांचा चावीचा ग्रामोफोन दुरुस्त करायचा आहे. पेटी घासून नवी करून घ्यावी का?

तुम्ही दोन तक्रारी लिहिल्या आहेत. चावी देऊन रेकॉर्ड लावली की आतून ‘धप्प, धप्प’ आवाज येतो आणि गाणं मध्येच रेंगाळतं, ही एक. पेटी काळवंडली आहे, एका कडेचा व्हिनिअर (वरून चिकटवलेला लाकडाचा पातळ थर) सुटलाय आणि सुतार म्हणतोय घासून मेलामाइन, म्हणजे आजकालचं चकचकीत पॉलिश, मारून देतो, ही दुसरी. मी बरीच वर्षं हौसेने हे काम करतोय, त्यावरून माझं मत असं: यंत्र पूर्ण खोला, एकेक चाक साफ करा, लाकडाला मात्र शक्य तितका कमी हात लावा. सुताराला आजच थांबवा. मोटर, म्हणजे आतलं चावीचं यंत्र, पुढच्या वर्षीही दुरुस्त होईल, पण एकदा घासून काढलेलं मूळचं पॉलिश गेलं ते गेलंच.

आधी धप्प आवाजाचं बघू. मोटरमध्ये लोखंडी ड्रम असतो आणि त्यात गुंडाळलेली पोलादी पट्टी, म्हणजे मेन स्प्रिंग. तिला कारखान्यात लावलेलं ग्रीस इतक्या वर्षांत डांबरासारखं घट्ट होतं. पट्टीचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि सुटताना झटक्याने सुटतात, तोच हा आवाज. स्प्रिंग तुटलेली नाही, ही चांगली गोष्ट आहे. तुटली असती तर चावी नुसतीच फिरत राहिली असती.

आता नीट वाचा. मोटर पेटीतून काढण्याआधी ब्रेक सोडा आणि तबकडी आपोआप थांबेपर्यंत चालू द्या. स्प्रिंगमध्ये चावी शिल्लक असताना गव्हर्नर (वेग आवरणारा भाग) काढला तर चाकं भणाणत सुटतात, दाते तुटतात, बोटंही जातात. रिकामी झालेली स्प्रिंगसुद्धा ड्रमच्या आत दाबलेलीच असते. ती बाहेर काढताना जाड हातमोजे आणि चष्मा हवाच. ड्रम गोणपाटात धरून आतल्या टोकापासून एकेक वेढा सोडवत न्यायचा. हाताला सवय नसेल तर एवढं एक काम घड्याळवाल्या किंवा मोटर-वायंडिंगवाल्या जुन्या कारागिराकडून करून घ्या, त्यात कमीपणा नाही. पट्टी रॉकेलने धुवा, कोरडी पुसा, कुठे तडा आहे का ते नखाने चाचपा आणि ग्रॅफाइट ग्रीस लावून परत बसवा. साधं पिवळं ग्रीस चालतं असं काही जण सांगतील. ते काही वर्षांत पुन्हा सुकतं, म्हणून मी वापरत नाही.

गाणं रेंगाळण्याचं दुसरं कारण गव्हर्नरमध्ये सापडेल. तीन पातळ पट्ट्यांवर तीन वजनं असतात. वेग वाढला की ती बाहेर फेकली जातात आणि एक चकती फेल्टच्या किंवा चामड्याच्या तुकड्यावर घासून वेग आवरते. तो तुकडा कोरडा पडला की वेग हेलकावतो. शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब त्याला द्या. तिन्ही पट्ट्या सरळ आणि सारख्या ताणाच्या आहेत ना, तेही बघा. मग रेकॉर्डखाली कागदाचा कपटा अडकवून मिनिटाला किती फेरे होतात ते मोजा: ७८ व्हायला हवेत. मोजताना पिन रेकॉर्डवर टेकलेली असू द्या, कारण पिनेच्या ओझ्याने वेग थोडा उतरतो.

साउंड बॉक्स, म्हणजे पिन बसवतात तो गोल डबा, उघडलात तर पडदा अभ्रकाचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा निघेल. त्याच्या दोन्ही बाजूंना रबराच्या पोकळ नळीची कडी असते, ती हमखास दगडासारखी झालेली असते. आवाज फाटतो, चिरका येतो, तो बहुतेक वेळा यामुळेच. मऊ रबराची बारीक नळी त्याच मापाने कापून बसवा. काही साउंड बॉक्सची मागची बाजू जस्ताच्या मिश्रधातूची असते, ती वयाने ठिसूळ होते. स्क्रू अडला तर जोर करू नका. कर्ण्याच्या पोकळीत बॅटरीने डोकावून घ्या. कुंभारणीची मातीची घरं आणि उंदरांनी कुरतडलेल्या चिंध्या निघणं अगदी नेहमीचं आहे.

आता पेटी. त्या काळच्या बऱ्याच पेट्यांवर चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून केलेलं पॉलिश असतं. मागच्या बाजूला, दिसणार नाही अशा जागी स्पिरिटचा बोळा हलकेच टेकवा. पृष्ठभाग चिकट झाला तर लाखच आहे, आणि मग काम सोपं आहे. काळा थर बहुधा धुराचा, हातांचा आणि वर्षानुवर्षं चोळलेल्या तेलाचा असतो. तो टर्पेंटाइनने निघतो आणि लाखेला धक्का लागत नाही. झाकणाच्या आतल्या कुत्र्याच्या चित्राला (‘हिज मास्टर्स व्हॉइस’ची खूण) मात्र टर्पेंटाइन नको, स्पिरिट नको, ओलं फडकंही नको. नुसत्या मऊ ब्रशने धूळ झटका. ते चित्र एकदा पुसलं गेलं की त्या पेटीची ओळखच जाते.

सुटलेला व्हिनिअर फेविकॉलने चिकटवतात, मला ते पसंत नाही. मूळ जोड सरसाचा, म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेल्या जुन्या गोंदाचा आहे. सरस कोमट पाण्याने सैल होतो, त्यामुळे पुढे कुणाला दुरुस्ती करायची झाली तरी लाकूड फुटत नाही. खालून सरस भरा, वर मेणकागद ठेवून रात्रभर शिकंजा आवळा. शेवटी मलमलीत कापूस बांधून केलेल्या बोळ्याने पातळ लाखेचे दोन-तीन हात फिरवा, हात मध्ये न थांबवता. थांबलात की तिथे डाग पडतो. हे पावसाळ्यात करू नका, हवेतल्या दमटपणामुळे लाख पांढरट पडते. दिवाळी होऊन जाऊ द्या. लाकडाला बारीक भोकं असतील आणि खाली पिठासारखा भुसा पडत असेल, तर पॉलिशआधी किडीचा बंदोबस्त करा आणि तोवर पेटी घरातल्या इतर फर्निचरपासून लांब ठेवा.

मेलामाइनने पेटी चकाकेल हे खरं. पण मग ती बाजारात मिळणाऱ्या, पितळी कर्णा लावून जुळवलेल्या नकली ग्रामोफोनसारखी दिसेल. आजोबांच्या कोपराने झिजलेली कड तुमच्याकडे खरी आहे, ती राहू द्या.

रेकॉर्डमध्येही लाखच असते, म्हणून त्या स्पिरिटने कधीही पुसू नका, विरघळतात. पोलादी पिन रेकॉर्डच्या एका बाजूला एकच वापरायची आणि टाकायची. बोथट पिन पुढच्या वेळी रेघा खरवडून नेते. एलपी (नंतरच्या काळातली विनाइलची रेकॉर्ड) तर या यंत्रावर लावायचीच नाही, एका फेरीत खराब होते. पहिल्या चाचणीला घरात असलेली बालगंधर्वांची रेकॉर्ड घेऊ नका, तडा गेलेली एखादी घ्या.

स्प्रिंग बदलायचीच वेळ आली तर जुनीची रुंदी, जाडी, लांबी आणि टोकाला भोक आहे की आकडा, एवढं मोजून इथे लिहा. मोटरचा आणि साउंड बॉक्सचा फोटोही टाका, कोणती स्प्रिंग लागेल ते बघून सांगतो.