वाचक विचारतात: सोलर वाढलं की ग्रिड (विजेचं जाळं) का डगमगतं?

प्रश्न: आमचं घर गुहागरला, छतावर सोलर आहे. भर दुपारी कडक ऊन असतानाही लाईट गेली की आमचं सोलर पण बंद पडतं, असं का? आणि जास्त सोलरने म्हणे फ्रिक्वेन्सी बिघडते, ते खरंय का?

उत्तर: आधी दुसरं सांगतो. फ्रिक्वेन्सी म्हणजे तारेतली वीज सेकंदाला किती वेळा मागेपुढे होते तो आकडा. आपल्याकडे तो ५० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ५० वेळा, ती ४९.९० ते ५०.०५ च्या मध्येच राहायला हवी, विजेची मागणी वाढली की ती खाली येते आणि कमी झाली की वर जाते. भातगिरणीच्या इंजिनाचं ते जड चाक बघितलंय ना, वर एकदम भात ओतला तरी चाक लगेच थांबत नाही, जरा दमतं पण फिरत राहतं, तसंच काम पोफळीच्या वीजघरात कोयनेच्या पाण्यावर फिरणारी जड टर्बाइनं करतात, फ्रिक्वेन्सी एकदम पडू देत नाहीत. सोलर पॅनलमध्ये फिरणारं काहीच नाही हो! म्हणून ढग आला किंवा एखादा मोठा प्लांट ट्रिप झाला की फ्रिक्वेन्सी झपकन घसरते. यावर उपाय आहेत, बॅटरी सेकंदाच्या आत वीज देते, कोयनेसारखं हायड्रो मिनिटांत वाढवता येतं, आणि नवे ग्रिड-फॉर्मिंग इन्व्हर्टर (इन्व्हर्टर म्हणजे पॅनलची वीज ग्रिडच्या विजेसारखी करणारं यंत्र) त्या जड चाकाची नक्कलच करतात. माझ्या मते बॅटरीवर आत्ताच खर्च करायला हवा, सोलर थांबवणं हा उपाय नव्हेच.

तुमचं सोलर बंद पडतं ते मात्र वायरमनच्या जिवासाठी, पावसात झाड पडून तार तुटली आणि तो खांबावर चढला तर तुमच्या छतावरची वीज त्याच तारेत यायला नको. लाईट गेल्यावरही सोलर हवं असेल तर बॅटरीवाला हायब्रिड इन्व्हर्टर लावा.