व्हिडिओ घरी, बोलणं वर्गात: भाषा शिकवणाऱ्यांचे काही प्रश्न

मागच्या वेळी फ्लिप्ड क्लासरूमचा, म्हणजे समजावणं व्हिडिओवरून घरी आणि सराव वर्गात या पद्धतीचा, नुसता उल्लेख केला होता, तर त्यावर खूप जणांनी प्रश्न पाठवले. मी स्वतः जर्मन शिकवते, त्यामुळे उदाहरणं बरीचशी जर्मनचीच येतील, पण मुद्दे कुठल्याही परदेशी भाषेला लागू पडतात.

प्रश्न: मॅडम, व्हिडिओ पाठवायचा आणि होमवर्क वर्गात करून घ्यायचा, एवढंच ना? मी फ्रेंच शिकवतो, मला यात नवीन काय तेच कळत नाहीये.

सुरुवात साधारण तशीच झाली. २००७ साली अमेरिकेत कोलोराडोमधल्या वुडलँड पार्क हायस्कूलमध्ये जोनाथन बर्गमन आणि अ‍ॅरन सॅम्स हे केमिस्ट्रीचे दोन शिक्षक, वर्ग बुडणाऱ्या मुलांसाठी लेक्चर्स रेकॉर्ड करायला लागले. मग त्यांच्या लक्षात आलं की समजावणं जर घरीच ऐकून होत असेल तर वर्गातला वेळ दुसऱ्या कामाला वापरता येईल. पण केमिस्ट्री आणि भाषा यात मोठा फरक आहे. केमिस्ट्रीचं गणित मुलगा घरी एकटा बसून सोडवू शकतो, पण संवाद एकट्याने कसा करणार? त्याला समोर माणूस लागतो, आणि तो फक्त वर्गात मिळतो.

जरा हिशोब करून बघा. ६० मिनिटांचा तास, ३० मुलं. तुम्ही ३० मिनिटं व्याकरण समजावलंत आणि उरलेल्या वेळात एकेकाला उभं करून बोलायला लावलंत तर प्रत्येकाच्या वाट्याला १ मिनिट येतं. तेच समजावणं घरी पाठवून ती ३० मिनिटं जोड्या करून बोलायला दिली तर प्रत्येकाचं तोंड १५ मिनिटं चालतं. व्हिडिओ हे फक्त साधन आहे हो, खरी कमाई ती १५ मिनिटं आहेत. वर्गात जर व्याकरणाची वर्कशीटच भरून घेणार असाल तर फ्लिप करून काही उपयोग नाही, हे मी अगदी स्पष्ट सांगते.

प्रश्न: ३० पैकी जेमतेम १०-१२ मुलं व्हिडिओ बघून येतात. मग मला सगळं परत शिकवावं लागतं. काय करू?

परत शिकवणं आधी बंद करा, कारण जी मुलं बघून आली त्यांना त्या दिवशी कळतं की बघितलं नाही तरी चालतं, आणि पुढच्या वेळी तीही बघत नाहीत. माझ्याही बाबतीत हेच झालं होतं, दोन महिन्यांत बघणारी मुलं निम्म्यावर आली.

आता मी असं करते. व्हिडिओसोबत फक्त ३ छोटे प्रश्न आणि चौथा 'काय कळलं नाही?' असा, उत्तरं आदल्या रात्रीपर्यंत फॉर्मवर. एक उदाहरण देते. जर्मनमध्ये 'पुस्तक टेबलावर ठेवतो' म्हणताना 'आउफ डेन टिश' आणि 'पुस्तक टेबलावर आहे' म्हणताना 'आउफ डेम टिश', म्हणजे हालचाल असेल तर एक विभक्ती, नुसतं असणं असेल तर दुसरी. एका बॅचमध्ये २८ पैकी १९ जणांनी दोन्हीकडे 'डेम' लिहिलं. मग सकाळी मी फळ्यावर फक्त तेवढाच गोंधळ घेतला, ७ मिनिटं, बाकी काही नाही. त्यानंतर जोड्या. एकाच्या हातात सामान लावलेल्या खोलीचं चित्र, दुसऱ्याकडे रिकामी खोली आणि कागदाचे तुकडे. पहिला सांगणार दिवा कुठे ठेव, खुर्ची कुठे सरकव, दुसरा ऐकून ठेवणार, आणि शेवटी चित्र न बघता दुसऱ्याने सांगायचं काय कुठे आहे. 'डेन' आणि 'डेम' त्या २० मिनिटांत तोंडातून इतक्या वेळा जातं की नियम पाठ करायची गरजच पडत नाही.

जो बघून आला नाही त्याने हेडफोन लावून कोपऱ्यात आधी व्हिडिओ बघायचा, मग जोडीत यायचं. ओरडायचं नाही. बाकीचे हसत-बोलत असताना एकटं बसणं मुलांना फारसं आवडत नाही, बहुतेक जण पुढच्या वेळी बघून येतात.

प्रश्न: व्हिडिओ किती मिनिटांचा असावा? चांगला कॅमेरा नाहीये माझ्याकडे.

६ मिनिटांच्या आत. २०१४ मध्ये एडएक्सच्या ऑनलाइन कोर्सेसचा एक अभ्यास आला होता, त्यात जवळपास ६९ लाख वेळा बघितलेल्या व्हिडिओंचा डेटा होता आणि ६ मिनिटांपलीकडे बघणाऱ्यांचं लक्ष सहसा टिकत नाही असंच दिसलं. एका व्हिडिओत एकच मुद्दा. मोबाइल, कागद, पेन आणि तुमचा आवाज, बस. दुसऱ्या कोणाचा चकचकीत व्हिडिओ पाठवण्यापेक्षा तुमचा साधा बरा, कारण वर्गात तुम्ही तेच शब्द, तीच उदाहरणं पुढे नेणार असता.

प्रश्न: मी जपानी शिकवते, अगदी नवशिक्या मुलांना. त्यांना हे झेपेल का?

झेपेल, पण घरी काय पाठवायचं हे नीट निवडा. हिरागाना या जपानी लिपीची ४६ मूळ अक्षरं, कुठली रेघ आधी कुठली नंतर, हे घरीच द्या, कारण तिथे मूल दहा वेळा मागे नेऊन बघू शकतं आणि वर्गात तेवढं कोणी थांबत नाही. पण उच्चार नुसते व्हिडिओवर सोडू नका. 'ओबासान' म्हणजे मावशी-काकू आणि 'ओबाआसान' म्हणजे आजी, आपण लांबवलं की नाही हे त्या मुलाला स्वतःला ऐकूच येत नाही, ते तुमच्याच कानाला कळणार आणि तिथल्या तिथे सुधारता येणार.

आणि हो, नवशिक्यांच्या व्हिडिओत समजावणं खुशाल त्यांच्या भाषेत करा. त्यामुळेच वर्गात जपानीत बोलायला जागा मोकळी राहते.

प्रश्न: पालक म्हणतात 'वर्गात शिकवतच नाहीत, मुलं नुसती गप्पा मारतात'.

त्यांची काळजी खरी आहे, त्यांनी स्वतः फळा बघत शिक्षण घेतलंय. वाद घालू नका, ऐकवा. पहिल्या आठवड्यात प्रत्येक मुलाचं १ मिनिटाचं बोलणं रेकॉर्ड करा, ६ आठवड्यांनी त्याच विषयावर परत करा आणि दोन्ही रेकॉर्डिंग पालकांना पाठवा. सगळंच फ्लिप करू नका हेही सांगते, मी पाचातला एखाददुसरा तास अजून जुन्या पद्धतीनेच घेते. गोष्ट सांगायची असेल, कविता वाचायची असेल, तर ती सगळ्यांनी एकत्र बसूनच ऐकायची असते.

प्रश्न: काही मुलांकडे फोन किंवा नेट नाही. मग हे सोडून द्यायचं का?

अजिबात नाही. दोन पानांचा कागद द्या, वर ४-५ उदाहरणं, खाली 'यातला नियम तुम्हीच शोधा' आणि तेच ३ प्रश्न. फक्त ऐकण्याचं काम कागदावर होत नाही, तेवढं आदल्या तासाच्या शेवटची ५ मिनिटं काढून वर्गातच ऐकवा.