पावसातलं शेवटचं बंदर

क्रूझच्या सफरीत शेवटच्या बंदरावर पाऊस लागला म्हणून हिरमुसू नका, पण छत्रीच्या भरवशावरही उतरू नका. धक्क्यावरच्या वाऱ्यात ती पाच मिनिटांत उलटी होते, रेनकोटच घ्या. आणि बूट जुने घाला. माझे एकदा ओलेचिंब झाले, त्याच रात्री सामान उतरवून नेण्यासाठी बॅगा केबिनबाहेर ठेवायच्या होत्या. तसेच कोंबले, घरी पोचेपर्यंत सगळ्या कपड्यांना कुबट वास! आता आत कागदाचे बोळे भरून ठेवतो.

स्वतः ठरवलेल्या टॅक्सीने फिरणार असाल तर तासभर आधी परता. पावसात रस्ते तुंबतात, आणि जहाज तुमच्यासाठी थांबत नाही. जहाजाच्याच सहलीला उशीर झाला तर सहसा थांबतं. बंदरावरची वेळ वेगळी असू शकते, घड्याळ मात्र जहाजाच्या वेळेवर ठेवा.

उतरायचंच नसेल तर गरम पाण्याचा टब गाठा, एरवी तिथे जागा मिळत नाही.