'ती दगड' म्हणणारी मुलं

प्रश्न : मेळघाटातल्या धारणी तालुक्यात माझ्याकडे पहिली-दुसरीचा वर्ग आहे. बहुतेक मुलं कोरकू. माझ्यामागून एका सुरात सगळं म्हणतात, पण साधा प्रश्न विचारला की गप्प. बोललीच तर 'ती दगड', 'तो झाड'. कुठून सुरुवात करू?

उत्तर : कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, मराठीच्या कुळाहून वेगळी. तिच्यात नामं सजीव आणि निर्जीव अशी विभागतात. दगड, वाट, पान सगळी एकाच खणात. मराठी त्याच तीन वस्तूंना तो, ती, ते म्हणते, आणि का ते आपल्यालाही सांगता येत नाही. त्यामुळे 'ती दगड'ला चूक म्हणून अडवू नका, मूल पुढच्या वेळी तोंडच उघडणार नाही. 'हो, तो दगड केवढा मोठा!' एवढंच म्हणा. नवा शब्द सुटा न देता 'हा दगड', 'ही वाट', 'हे पान' असाच द्या. उलट 'आम्ही' आणि 'आपण' यांतला फरक मुलांना पटकन उमजेल. ऐकणाऱ्याला धरून आणि वगळून, असे भेद कोरकूतही आहेत.

रोज पहिली वीस मिनिटं एकाच चित्रावर बोलणं ठेवा : ओढा, आठवडी बाजार, मोहफुलं वेचणं. आधी मुलांना कोरकूत बोलू द्या. पाण्याला 'डा' म्हणाली की फळ्यावर 'डा' लिहा, शेजारी 'पाणी'. मग पाच-सहाच मराठी शब्द आणि त्यांची वाक्यं. अक्षरओळख त्याच शब्दांतून. कोरकू येत नसेल तर पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंची किंवा चौथीतल्या मुलांची मदत घ्या. मात्र प्रत्येक मराठी वाक्याचं लगेच कोरकू करवून घेऊ नका. मुलं मराठी कानाआड करून कोरकूची वाट बघत बसतात. दोन्ही भाषांच्या वेळा वेगळ्या ठेवा.

आणि होळीच्या आठवड्यात चाचणी नको. मेळघाटातला तो मोठा सण, वर्ग निम्मा रिकामा असतो.

प्रश्न : दुसरीतली मुलं सत्तेचाळीस ऐकून ७४ लिहितात. हेही कोरकूमुळेच का?

उत्तर : नाही, घरी मराठी बोलणारी मुलंही लिहितात. ऐकताना सात आधी, लिहिताना चार. बालभारतीच्या दुसरीच्या गणितात २०१९ साली एकवीसला 'वीस एक' म्हणायची जोडपद्धत आली तेव्हा थट्टा फार झाली, पण इथे ती कामाची आहे. दहा-दहा काड्यांचे चार गठ्ठे आणि सात सुट्या काड्या मांडा, 'चाळीस सात' म्हणवून घ्या, लिहू द्या, मग सत्तेचाळीस सांगा. तो शब्द गाळू नका. बाजारात दुकानदार 'चाळीस सात' म्हणणार नाही.